किंमत इनबॉक्समध्ये

मराठी माणसाला धंदा जमत नाही, हे आपण एकमेकांना इतक्या प्रेमाने सांगत आलो आहोत की आता त्यावर वाद घालायलाही कुणी पुढे येत नाही. मला तर तो चांगला जमताना दिसतो. माल करता येतो, नेऊन पोचवता येतो, गिऱ्हाइकाच्या मुलीच्या दहावीची चौकशीसुद्धा करता येते. घोडं अडतं ते एकाच जागी, चारचौघांत किंमत उच्चारताना. "किती द्यायचे?" या प्रश्नाला पहिलं उत्तर "अहो, द्या हो काहीतरी" हे असतं. दुसरं, "तुमच्याकडून काय घ्यायचे!" तिसऱ्यांदा विचारल्यावर आकडा येतो, तोही जमिनीकडे बघून. व्हॉट्सॲपवर बघायला जमीन नसते, म्हणून तिथे आकड्याच्या जागी एक वाक्य येतं: "किंमत इनबॉक्स केली आहे."

ज्यांनी चाकणचा गुरांचा बाजार पाहिलाय त्यांना यात काही नवल वाटू नये. बैलाचा सौदा चाललेला असतो. भोवती बघे असतात, दलाल असतात, बैलाला स्वतःलाही थोडीफार उत्सुकता असते. आणि घेणाऱ्याचा नि विकणाऱ्याचा हात एका उपरण्याखाली. कुठलं बोट धरलं, किती बोटं दाबली, यावर आकडा वर-खाली होतो. तोंडाने बोलणं पावसाचं. चेहरे मख्ख. इनबॉक्स म्हणजे ते उपरणं. अमेरिकेत कुणी इंजिनिअर मंडळींनी ते शोधून काढलं आणि आमच्या लोकांनी पहिल्याच दिवशी ओळखलं की हे आपलंच आहे.

कुसगाव बुद्रुकमध्ये बसून हा विषय बघायला एक सोय आहे, ती म्हणजे इथे सगळ्या तऱ्हेचं गिऱ्हाईक हाताशी आहे. गाव लोणावळ्याला खेटून. जनगणनेने आम्हाला शहरात धरलंय, कारभार मात्र ग्रामपंचायतीचा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आमच्या नावाचा टोलनाका आहे. खोपोलीकडून डोंगर पोखरत येणारा तेरा किलोमीटरचा तो 'मिसिंग लिंक' रस्ता वर निघतो तो आमच्याच शिवारात. सिंहगड संस्थेची कॉलेजं इथे आहेत, म्हणजे डब्याला गिऱ्हाईक. डोंगराच्या अंगाला मुंबईकरांचे, पुणेकरांचे बंगले, म्हणजे तांदळाला, दुधाला, माळीकामाला गिऱ्हाईक. आणि बाकीचं गिऱ्हाईक ताशी शंभरच्या वेगाने शेजारून निघून जातं.

लोणावळ्याचं नशीब आमच्याआधी उघडलं ते थांबण्यामुळे. १८६३ साली बोरघाटाचा रेल्वेमार्ग पुरा झाला आणि मुंबईची गाडी थेट वर येऊन फलाटाला लागू लागली. थांबलेल्या माणसाच्या हातात चिक्की देता येते. द्रुतगती मार्गावरच्या माणसाच्या हातात काय देणार? त्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवर. (निदान असावेत.) त्याला गाठायचं तर त्याच्या मोबाइलमध्येच जाऊन बसायला हवं होतं. तशी आमची माणसं जाऊन बसली आहेत.

माझं येणंजाणं दोन्हीकडे आहे. घर गावात, त्यामुळे गावच्या ग्रुपवर जन्मसिद्ध हक्काने. शिवाय बंगल्यांच्या एका सोसायटीचे हिशेब लिहितो, म्हणून त्यांच्याही ग्रुपवर. तिसरा ग्रुप व्हिला भाड्याने देणाऱ्यांचा. त्यात मला एका पुतण्याने न विचारता घातलंय आणि बाहेर पडलो तर त्याला वाईट वाटेल.

गावच्या ग्रुपवर पहाटे पाचला सुविचार सुरू होतात. मग वाढदिवस. मग लाइट कधी येणार. मग "भावपूर्ण श्रद्धांजली" एकाखाली एक, आणि तेराव्या श्रद्धांजलीखाली कुणाच्या तरी कुरडयांचा फोटो, "ऑर्डर घेणे चालू आहे". कुरडयावाल्या वहिनींचा दोष नाही, त्यांनी वर काय चाललंय ते पाहिलेलं नसतं. पण दुःखात असलेल्या घराने ते पाहिलेलं असतं. अशा दोन-तीन प्रसंगांनंतर ॲडमिनने नियम काढला: धंद्याच्या पोस्ट फक्त रविवारी. ॲडमिन हे गावातलं एकमेव बिनपगारी, बिनमानधनी, बिननिवडणुकीचं पद आहे आणि तरीही ते सोडायला कुणी तयार नसतं, त्यात काहीतरी असणार. तर रविवारचा नियम झाला आणि बघता बघता ग्रुपचा आठवडे बाजार झाला. शनिवारी रात्री बारा वाजून एक मिनिटाने पहिली पोस्ट पडते. लोणची, गावरान अंडी, रांगोळीचे क्लास, जुनं कपाट, पिल्लं, भाड्याने मंडप. पावसाळ्याच्या तोंडाला करवंदं आणि जांभळं, आषाढात खेकडे, तेही नांग्या हलवतानाच्या व्हिडिओसह. रविवारी रात्री बाराला दुकानं बंद. सोमवारी पहाटे पुन्हा सुविचार.

बाजारात नुसतं फिरता येतं, ही बाजाराची खरी चैन. भाव विचारायचा, पुढे जायचं, विकणाऱ्याने लक्षात ठेवायचं नाही. स्टेटसवर ठेवलेल्या मालाला ही सवलत नाही. कुणी पाहिलं त्याची यादी विकणारीच्या हातात असते, वेळेसकट. आमच्या आळीतल्या एका मावशींनी मला रस्त्यात थांबवून विचारलं होतं, "मसाल्याचं स्टेटस तीन दिवस बघितलंस. सांगायला लाजतोस व्हय?" मी अर्धा किलो घेतला. चांगला निघाला. पाकिटावर चौदा आकडी परवाना क्रमांकही होता, कारण मावशींच्या सुनेने 'घरगुती' या शब्दाआड न लपता रीतसर अन्न नोंदणी करून घेतली होती. ते न करणाऱ्यांची संख्या ग्रुपवर बरीच मोठी आहे आणि त्यांच्या पोस्टखाली मी हा विषय काढत नाही. मला गावात राहायचंय.

बंगल्यांच्या ग्रुपचा स्वभाव वेगळा. तिथली माणसं इथे नसतातच. बंगला इथे, माणूस पवईत. त्यामुळे सगळा ग्रुप प्रश्नांवर चालतो. पाऊस किती आहे? लाइट आहे का? घाटात ट्रॅफिक कितपत? भुशी धरण भरलं का? जुलैत या शेवटच्या प्रश्नाला दिवसातून चार वेळा उत्तर द्यावं लागतं. आणि उत्तर देतो तो एक दूध घालणारा पोरगा. त्याला ग्रुपवर कुणी घेतलं ते कुणालाच आठवत नाही, बहुधा माळीबुवांनी. शुक्रवारी संध्याकाळी तो टोलनाक्याच्या बाजूने जाताना थांबतो, फोटो काढतो आणि लिहितो, "अमृतांजन पुलापासून गाड्या उभ्या आहेत. नऊनंतर निघा." बस्स. त्याने दोन-अडीच वर्षांत दुधाबद्दल एक ओळ लिहिलेली मी पाहिली नाही. पण सोसायटीतल्या बहुतेक बंगल्यांत दूध त्याचं, पनीर त्याचं, आता तर पाहुण्यांना आणायला जाणारी गाडीही त्याच्याच चुलत्याची. एकदा एक बाई आपणहून लिहून गेल्या, "दूध कोण देतं इथे?" आणि खाली सात जणांनी त्या पोराचा नंबर टाकला. तो स्वतः गप्प.

याच्या उलट एक गृहस्थ. बाहेरून आले, सोलर वॉटर हीटर विकायचे. आल्या-आल्या त्यांनी बावीस फोटोंचा कॅटलॉग टाकला, त्याखाली आपलं व्हिजिटिंग कार्ड, त्याखाली समाधानी ग्राहकांचे आभार, जे ग्राहक कोण ते कुणाला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. माल वाईट नसावा. पण "आमच्या टेरेसवर पाणी साचतंय, काय करावं?" या प्रश्नावर ते कधी बोलले नाहीत, आणि ते पाणी त्यांच्या धंद्यापासून हातभर अंतरावर होतं. चौथ्या दिवशी ॲडमिनने त्यांना नमस्कार करून काढलं. पोस्टिंगची वेळ, हॅशटॅग, रील असले विषय शिकवणारे क्लास लोणावळ्यात निघाले आहेत म्हणे. फी भरण्याआधी त्या दूधवाल्या पोराबरोबर एक शुक्रवार टोलनाक्यावर काढावा, असं माझं प्रामाणिक मत आहे.

आता तांदळाकडे येतो, कारण कुसगावात धंद्याची गोष्ट शेवटी तांदळाकडेच येते. मावळाचा मान इंद्रायणीला. वडगावच्या भात संशोधन केंद्राने ती १९८७ साली दिली, आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून. म्हणजे वास आजोळचा आणि पीक सासरचं, असं माझे वडील म्हणायचे. जुलैत आवणी, दिवाळीच्या सुमारास कापणी, मग झोडणी, मग गिरणी. पूर्वी पोतं व्यापाऱ्याला जायचं आणि भाव तो सांगायचा. २०२० च्या टाळेबंदीत पहिल्यांदा लोकांच्या लक्षात आलं की शहरातल्या सोसायट्यांना शेतकऱ्याकडून थेट माल घ्यायचाय आणि पैसेही ते आधी पाठवतात. भाजीवाल्यांनी सुरुवात केली, मागोमाग तांदूळ निघाला. आमच्या आळीतल्या काकूंनी तेव्हापासून ग्रुप धरला तो आजतागायत.

एकच तांदूळ तीन ग्रुपवर तीन नावांनी जातो हे मी तेव्हा पाहिलं. गावच्या ग्रुपवर तो टाकायचाच नसतो, कारण घरोघरी स्वतःचा आहे. टाकलाच तर "कणी आहे, कोंबड्यांना" इतकंच. बंगल्यांच्या ग्रुपवर तो 'ऑरगॅनिक' होतो. व्हिलावाल्यांच्या ग्रुपवर 'चुलीवरचं अस्सल मावळी जेवण' या नावाखाली ताटातला भात म्हणून जातो. कुणीतरी 'हातसडीचा' असंही लिहिलं होतं. त्याच्याखाली गिरणीवाल्यानेच अंगठा दाखवला, त्या दिवशी मी हसून घेतलं. काकू मात्र 'हातसडीचा' म्हणत नाहीत. "गिरणीचाय, पन एकच पालिस," असं सांगतात. हे सांगितल्याने गिऱ्हाईक कमी झालं नाही. उलट पवईच्या एका बाईंनी ते 'सिंगल पॉलिश' म्हणून आपल्या इमारतीच्या ग्रुपवर टाकलं आणि तिथून दहा-बारा पिशव्यांची मागणी आली.

तक्रारही आली. भात मोकळा होत नाही, चिकटतो. काकूंना आधी वाटलं विनोद चाललाय. त्यांनी आवाज पाठवला, "आवं ताई, चिकटतो म्हंजी इंद्रायणीच हाय ना! पानी कमी घाला. आन् मोकळा पायजे आसंल तर ते तुमचं बासमती-फिसमती घ्या." हा आवाज बंगल्यांच्या ग्रुपवर गेला, तिथून आणखी कुठे-कुठे गेला. कुठल्याही जाहिरात कंपनीने लिहिलेल्या मजकुरापेक्षा त्याने जास्त तांदूळ खपवला असेल. गिऱ्हाइकाला कुणीतरी खडसावलं की त्याला माल खरा वाटतो, हे पुण्याच्या दुकानदारांना फार पूर्वीपासून माहीत होतं. काकूंनी ते मावळात आणलं.

काकूंच्या भाच्याला हे सगळं फार अडाणीपणाचं वाटलं. तो हिंजवडीत नोकरीला आहे. त्याने काकूंच्या फोनवर व्हॉट्सॲप बिझनेस घातलं, जे २०१८ पासून अशा छोट्या धंद्यांसाठीच फुकट मिळतंय. नावापुढे 'ॲग्रो', फोटोत काकूंऐवजी भाताची लोंबी, आणि कुणी मेसेज केला की आपोआप उत्तर: "आमच्याशी संपर्क साधल्याबद्दल आभारी आहोत. कामकाजाची वेळ सकाळी नऊ ते सायंकाळी सहा." पहिलं आपोआप उत्तर गेलं ते काकूंच्या सख्ख्या नणंदेला. तिने रात्री साडेआठला लिहिलं होतं, "वैनी, उद्या येऊ का?" नणंद त्यानंतर दिवाळीपर्यंत आली नाही.

भाच्याची दुसरी सूचना ग्रुप वाढवण्याची. आधी एका ग्रुपमध्ये २५६ माणसं मावत. २०२२ मध्ये ती मर्यादा ५१२ झाली, त्याच वर्षी १०२४. त्याचं गणित सरळ होतं: चौपट माणसं, चौपट तांदूळ. 'मावळ फ्रेश' की असलंच काहीतरी नाव देऊन त्याने नवा ग्रुप काढला आणि त्याची लिंक जिथे-तिथे टाकली. माणसं आली. एक घरबसल्या महिना पन्नास हजार मिळवून देणारा आला. एक शेअरबाजाराच्या टिपा देणारा आला. तीन जण आले ते आपला तांदूळ विकायला. काकूंनी टाकलेल्या पिशवीच्या फोटोखाली "हाय" एवढंच लिहिणारे बरेच. आपल्या गावच्या ग्रुपवर काकू कोण, कुणाची सून, खाचर कुठलं, गेल्या साली पिशवीत खडे निघाले होते की नाही, हे सगळ्यांना ठाऊक. इथे त्या फक्त एक लोंबी. खडे निघाले तर गावातला माणूस दारात येऊन उभा राहणार, या एका धाकावर सगळा गावचा व्यवहार उभा आहे, आणि हजार अनोळखी माणसांत दार कुठे सापडणार? दोन महिन्यांत काकूंनी तो ग्रुप म्यूट केला. भाचा अजून त्याचा ॲडमिन आहे आणि त्यात फक्त टिपा देणारा बोलतो.

भाच्याला दोष कसा देऊ? माणसं गोळा केली की पैसा आपोआप येतो, या भ्रमात त्याच्याहून मोठे लोक होते. फेसबुकने २०१४ साली व्हॉट्सॲप सुमारे एकोणीस अब्ज डॉलरना घेतलं. त्या वेळी काही गिऱ्हाइकांकडून ते वर्षाला एक डॉलर वर्गणी घेत. २०१६ मध्ये तीही सोडून दिली. जगातले कोट्यवधी लोक फुकटात श्रद्धांजली वाहू लागले आणि मालक विचार करत बसले की यातून कमवायचं कसं. पुढे त्यांनी मोठ्या कंपन्यांकडून मेसेजमागे पैसे घ्यायची वाट काढली. काकूंची पहिल्या हंगामातच बारा पोती गेली होती.

लोकांकडून थोडं-थोडं घेऊन काही उभं करण्याची कला तशी मावळाला नवी नाही. तळेगावचा काचेचा कारखाना १९०८ साली उभा राहिला तो पैसा फंडातून. अंताजी दामोदर काळे यांची कल्पना: प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यायचा. टिळकांनी ती उचलून धरली, आणि जत्रांत, मेळ्यांत हिंडून जमवलेल्या त्या पैशांची भट्टी पेटली. ग्रुपवर आजही वर्गणी जमते, सप्त्याची, कुणाच्या ऑपरेशनची. आणि गंमत बघा, वर्गणीची यादी उघड लागते. नाव, पुढे आकडा, ५०१, ११०१, खाली हात जोडलेले. तिथे कुणी इनबॉक्स म्हणत नाही. द्यायचा आकडा आपण मोठ्याने सांगतो, घ्यायचा तेवढा कानात.

यामागे नुसती लाज आहे असं मी बरेच दिवस धरून चाललो होतो, पण गेल्या हंगामात एक प्रकार घडला. बंगल्यांच्या ग्रुपवर एका नव्या सभासदाने, बहुधा कुठल्याशा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर असावेत, लिहिलं, "कृपया सर्वांनी दर जाहीर करावेत. पारदर्शकता हवी." आता त्या सोसायटीला आमच्या एकाच आळीतली तीन घरं तांदूळ देतात. तिघं भाऊबंद, त्यातलं एक घर काकूंचं. तिघांचे दर तीन, आणि एकाच घराचा दरसुद्धा बंगल्यागणिक थोडा इकडे-तिकडे, कारण एका बंगल्याने मुलाच्या फीला मदत केलेली, दुसऱ्याने गेल्या वर्षीचे पैसे होळीला दिलेले. एकाने दर लिहिला. दहा मिनिटांनी दुसऱ्याने किलोमागे पाच रुपये कमी. तिसऱ्याने आणखी दोन. रात्रीपर्यंत दर व्यापाऱ्याच्या दराच्या खाली गेला होता आणि बंगलेवाले एकमेकांना विचारत होते की मग आपण इतके दिवस इतके का देत होतो. सकाळी आळीत कुणी कुणाशी बोलत नव्हतं. गुरांच्या बाजारात हाताच्या वर कापड का घालतात, ते मला त्या सकाळी नळावर उमगलं. शेजारच्याचा पुढचा सौदा बिघडू नये म्हणून.

मिटवामिटवी केली ती थोरल्या घराने. तिघांनी बसून ठरवलं की दर एकच, आणि तो विचारेल त्याला एकट्याला सांगायचा. ज्याला कमी करून द्यायचंय त्याने पिशवीत मूठभर कणी किंवा चार आंबे जादा टाकावेत, आकड्याला हात लावू नये. ग्रुपवर तिघांच्या पोस्ट आता शेजारी-शेजारी पडतात, फोटो तर एकच आहे, एकाच्या खळ्यावरचा.

हा तह मोडला तो फक्त काकूंनी. त्यांचं म्हणणं, मला एकेकाला टाइप करत बसायला येळ कुठाय. रविवारी सकाळी त्या ओट्यावर बसून सगळ्या ग्रुपवर एकच आवाज पाठवतात. मागे कुत्रं भुंकत असतं, मध्येच नातवाला हाक जाते, गिरणीच्या पट्ट्याचा आवाज येतो. त्यातच दर येतो, स्पष्ट, ठरलेला, एकदाच. पुढे: "पैसं आदी पाठवा. पाठवलं की फोटू टाका, नाहीतर मला कळत नाय कुनी टाकलं. आन् त्या पवईच्या बाई, तुमच्याकडं माज्या दोन पिशव्या हायेत, त्या धुऊन द्या."